पांढरी गाडी

१२ एप्रिल, शनिवार

प्लास्टर निघालं. आत हात बारीक झालाय. कातडी सुकलेली, मनगटावर टाक्यांची रेघ.

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं. वेळ लागतो म्हणून वाक्यं छोटी. असू दे.

डॉक्टर खूश होते. प्लेट छान बसलीय म्हणे. नस मात्र पूर्ण सुधारणार नाही — करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटणार नाही. मूठ होणार नाही. "रोजच्या कामाला फारशी अडचण नाही येणार. काय करता आपण?"

सांगितलं, कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. आणि खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. हॉस्पिटल, पोलीस ठाणं, कोर्ट — जिथे बोलावतील तिथे जाते.

त्यांनी हाताकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहून दिली.

१३ एप्रिल

माझ्या नवऱ्याची, हितेंद्रची, बहीण माहीमहून आली होती. त्याने तिला पुन्हा सगळं सांगितलं. फेब्रुवारीतल्या रविवारची दुपार, शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो बघून आम्ही परत निघालेलो, पांढऱ्या गाडीने कट मारला, स्कूटर रस्त्याच्या कामाच्या पत्र्यांवर गेली, गाडीवाला पळाला. तो छान सांगतो. दर वेळी गाडी थोडी मोठी होते.

१७ एप्रिल

फिजिओच्या रांगेत एक जण शेजारी येऊन बसला. सफारी शर्ट, हातात फाइल. आनंदा नाव सांगितलं. "ताई, अ‍ॅक्सिडेंट ना? केस टाकली का?"

म्हटलं, नाही.

"मग बसलाय काय नुसत्या! क्लेम मिळतो. वकील आपले आहेत. फी निकाल लागल्यावर. समोरच्या गाडीचा नंबर बोला."

नंबर नाही म्हटल्यावर माझ्याकडे पाहून हसला. वाईट हसला असं नाही. दुकानदार "आहे ना तो पण माल" म्हणताना हसतो तसा.

"नंबर नाय तर नाय. अरेंज करू. टेन्शन नको."

कार्ड दिलं. पर्समध्ये टाकलं. फिजिओबाईंनी चेंडू दाबायला दिला. दाबला नाही गेला.

२० एप्रिल

कार्ड हितेंद्रला सापडलं. त्याला फारच बरं वाटलं! "बघ, होतं की काम. मी उद्याच बोलतो त्याच्याशी."

बाबा गॅलरीत बसले होते. बाबा म्हणजे सासरे, कुशाबा. गिरणीत आयुष्य गेलं. चाळ पडून टॉवर झाला तरी त्यांची खुर्ची अजून गॅलरीतच असते. ऐकायला कमी येतं, तेही सोयीप्रमाणे. हितेंद्र खाली गेल्यावर हळूच म्हणाले, "गो अनू, तुका दिसली काय ती गाडी?"

म्हटलं, मी मागे बसले होते ना बाबा.

"हूं," म्हणाले. परत विचारलं नाही.

२४ एप्रिल

शाळेत गेले. वार्षिक परीक्षा संपलेली, सातवीची मुलं निकालासाठी आलेली. सगळ्यांनी माझा हात हातात घेऊन पाहिला. कुणालाच संकोच नाही. ऐकू येणारी माणसं नजर चुकवतात. ही मुलं बोटं वाकवून बघतात.

मी काहीतरी साधंच विचारलं, सुट्टीत कुठे जाणार. तीन मुलांनी एकदम विचारलं, काय? काय? पुन्हा केलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने माझी दोन बोटं स्वतःच्या हाताने मिटवली, आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं मी काय म्हणतेय ते.

आपल्या खुणांतली अक्षरंसुद्धा दोन हातांची. एक हात अडला की अर्धी बाराखडी जाते.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, जूनपासून ऑफिसात बसा हवं तर. प्रेमानेच म्हणाल्या.

३ मे, शनिवार

गिरगावात गेलो. हितेंद्रच्या साहेबांच्या ओळखीचे हेरंब वकील. जुनी इमारत, पण आत एसी. वकील मृदू बोलणारे. चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकलं.

मग म्हणाले, "अज्ञात वाहन आहे, तर सरकारी योजनेत ठरावीक रक्कम मिळते. किरकोळ. बाकी दावा करायचा कुणावर? समोर कोणीतरी हवं ना."

मी कामाबद्दल सांगितलं. ते नुकसान कसं मोजतात, विचारलं.

"हे बघा ताई, तुमची वाचा शाबूत आहे. चालता-फिरता आहात. शाळेने नोकरी ठेवलीय. कोर्ट विचारेल, मग गेलं काय?"

उत्तर द्यायला मी हात वर केले. खरंच केले! सवय. त्यांनी हातांकडे पाहिलं आणि हितेंद्रला म्हणाले, "मॅडमना मानसिक धक्का बसलाय."

हितेंद्रने मान डोलावली. जिना उतरताना म्हणाला, "चांगला माणूस आहे पण."

४ मे

ब्लाउजचे हूक अजून हितेंद्रच लावतो. केस विंचरतो, वेणी घालतो. आधी वेणी सुटायची. आता नीट जमते. हे तो न विसरता करतो, ऑफिसला उशीर झाला तरी. हेही लिहून ठेवायला हवं.

१० मे

मनवा आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता दादरला कपड्यांच्या दुकानात बिलिंगला असते. जन्मापासून ऐकू येत नाही. ती दाराशी उभी राहून हातांनी सुरू झाली ते बसेपर्यंत थांबलीच नाही. मी उत्तर दिलं. ती टक लावून बघत राहिली.

मग म्हणाली (हातांनीच) — बाई, तुमचा आवाज बसलाय.

हसायला आलं. मग नाही आलं.

तिच्या मावसभावाचा पाय गेला होता ट्रकखाली. त्याची केस लढलेल्या वकीलबाई नायगावला आहेत. संघमित्रा नाव. मनवा म्हणाली, त्या रागीट आहेत. पण ज्याची केस आहे त्याच्याकडे बघून बोलतात. भावाने तिला बरोबर नेलं होतं तर तिच्याकडेही बघून बोलल्या, भावाला सांगायला नाही लावलं.

तिच्या दृष्टीने वकील निवडायला एवढं पुरेसं होतं.

१५ मे, गुरुवार

नायगाव. बीडीडी चाळींपैकी काही रिकाम्या, खिडक्या काढलेल्या. समोरच्या गल्लीत तळमजल्यावर ऑफिस. बाहेर बाक, बाकावर माणसं. एसी नाही. फॅनचा आवाज एवढा की जवळ सरकून बसावं लागतं.

संघमित्रा मॅडम चाळिशीच्या असतील. चष्मा डोक्यावर. हितेंद्रने सुरुवात केली — रविवार, जेट्टी, पांढरी गाडी. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"जखमी कोण आहे?"

"माझी मिसेस."

"मग त्यांना बोलू द्या."

मी बोलले. काम काय करते सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "दाखवा. आधी काय यायचं आणि आता काय होतं."

मी एक वाक्य केलं. अपघाताच्या आधी कोर्टात शेकडो वेळा केलेलं — 'जे खरं आहे तेच सांगा.' चांगल्या डाव्या हाताने आधी एकेक शब्द दाखवला, मग दोन्ही हातांनी पूर्ण वाक्य. त्यांना ती भाषा येत नाही. तरी मध्ये कुठे फाटलं ते त्यांना दिसलं. वहीत काहीतरी लिहिलं.

"डॉक्टर टक्के लिहितील हाताचे. मला तुमच्या कामाचे टक्के मांडायचेत. ते वेगळे असतात. मांडता येतात." मग हितेंद्रला, "स्कूटरचा विमा कसला? फुल की नुसता थर्ड पार्टी?"

"फुल," तो जरा अभिमानानेच म्हणाला. "ट्रान्सपोर्टमध्ये आहे मॅडम मी. शिवडीला गोदाम आहे आमचं. ड्रायव्हर लोकांची सेफ्टी माझ्याकडेच."

"छान. पॉलिसीची झेरॉक्स काढून आणा. नाक्यावर आहे दुकान."

तो गेला. मॅडम फॅन बंद करायला उठल्या. एकदम शांत झालं.

"गाडी तुम्ही पाहिली?"

"मी मागे होते. दिसली नाही."

"दिसली नाही, की नव्हती?"

मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत बसले. त्यांनी घाई केली नाही. हितेंद्र आल्यावर फॅन पुन्हा लावला.

"अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो," दारापर्यंत येऊन मला म्हणाल्या. "खोटी केस मी घेत नाही. खरी असली तर कितीही अवघड घेते. ठरवून या."

१६ मे

गाडी नव्हती.

लिहिलं. कागदाला काय.

फोन आला होता त्याला. गोदामावरून — कुठला तरी ट्रक गेटवर अडकलाय. एका हाताने फोन हेल्मेटमध्ये खुपसत होता. मी मागून म्हटलं, हितू, नंतर घे. तो म्हणाला, एक मिनिट. पुढे पत्रे होते. रस्ता मोकळा होता, ऊन होतं, आजूबाजूला कोणी नव्हतं. मी हात पुढे केला पडताना. उजवा.

अपघात विभागात पोलीस आला तेव्हा मी अर्धवट शुद्धीत. हितेंद्रचं बोलणं ऐकू आलं — पांढरी गाडी होती साहेब. मला वाटलं, घाबरलाय, मग सांगेल खरं. मग दुसऱ्या दिवशीही गाडी होती. तिसऱ्या दिवशी तिचा रंग पक्का झाला.

आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललेलो नाही. अगदी एकमेकांतसुद्धा.

तो वाईट नाही. फोनवर बोलताना ड्रायव्हर सापडला तर त्याच दिवशी घरी पाठवतो, कुणाचं ऐकत नाही. गोदामात त्याचा दरारा आहे तो याच्यावर. आता तोच — कसं सांगणार?

राग येतोय का बघितलं. नाही येत. नुसतं दिसतंय सगळं, काचेपलीकडे असल्यासारखं.

२८ मे

आनंदा घरी! चहा, बिस्किटं, फाइल. गाडी मिळाली म्हणे. टेम्पो. पांढरा.

"मालक आपला माणूस आहे. ड्रायव्हर कबूल करेल. साक्षीदार पण आहे, उसाच्या रसाचं दुकान असलेला. ताईंनी फक्त इथे सही करायची." वकीलपत्र कोरं होतं.

हितेंद्रने माझ्या डाव्या हातात पेन दिलं. मी ते टेबलावर ठेवलं.

"अनू, अगं तुझ्यासाठीच करतोय ना!"

मी आनंदाला म्हटलं, "त्या ड्रायव्हरला काय होईल?"

"काय नाय ताई, दंड-बिंड. त्याला मिळतात ना पैसे."

"आणि मी कोर्टात शपथेवर काय सांगू? तो टेम्पो मी पाहिला?"

तो हितेंद्रकडे बघायला लागला. नवरा-बायकोत पडायचं नाही, हे त्याला कळतं. बिस्किट संपवून गेला.

दार लावल्यावर हितेंद्र हळू आवाजात म्हणाला, "तुला काय पाहिजे नक्की?"

मी म्हटलं, "गाडी नव्हती, हितू."

पहिल्यांदा. तोंडाने.

तो आत गेला. गॅलरीत बाबा तसेच बसलेले, तोंड रस्त्याकडे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

२९ मे

हितेंद्र बोलत नाही. वेणी घातली. हूक लावले. बोलला नाही.

११ जून

हॉस्पिटलमधून फोन आला होता, दुभाषी हवी, अर्जंट, दुसरं कोणी मोकळं नाही. जायला नको होतं. गेले.

नवरा-बायको, दोघंही कर्णबधिर. तिला गाठ निघाली होती. डॉक्टरीणबाई सावकाश सांगत होत्या — ऑपरेशन करायचं, पण आधी औषधं, औषधाने गाठ लहान होईल. मी करत होते. बरं चाललं होतं. मग नवऱ्याचा चेहरा बदलला. त्याने बायकोचा हात घट्ट धरला, ती रडायला लागली. मला कळेना. 'लहान होईल' हे माझ्या बोटांतून काहीतरी दुसरंच झालं होतं. त्यांना वाटलं, आता उपाय नाही.

डॉक्टरीणबाई मला विचारतायत, काय सांगितलंत त्यांना?

कागदावर लिहून दाखवलं. फारसं वाचता येत नव्हतं त्यांना. शेवटी मनवाला व्हिडिओ कॉल लावला. मी तिला लिहून पाठवलं, तिने त्यांना सांगितलं. दुकानातल्या काउंटरमागे उभी राहून. पाच मिनिटांत ते दोघं शांत झाले. बाईने माझ्या गालाला हात लावला. मीच रडतेय असं तिला वाटलं असेल.

रडत नव्हते बहुतेक.

हेरंब वकील म्हणाले होते, मग गेलं काय. आज गेलं ते दिसलं.

१३ जून, शुक्रवार

एकटीच नायगावला गेले. संघमित्रा मॅडमना सगळं सांगितलं. फोन, हेल्मेट, पत्रे.

त्यांनी ऐकून घेतलं, मग समजावलं. मागे बसलेली व्यक्ती स्कूटर चालवणाऱ्यावर दावा करू शकते. बायको असली तरी. विमा पूर्ण आहे, भरपाई कंपनीने द्यायची. "पण कागदावर समोरचा पक्ष तुमचा नवरा असेल. त्याच्या चुकीने झालं हे मला सिद्ध करावं लागेल. कंपनी म्हणणार, जबाबात तर पांढरी गाडी आहे, आता नवरा-बायकोने मिळून गोष्ट बदलली. म्हणजे आधी त्याने पोलिसांत जाऊन जबाब बदलायला हवा. त्याच्यावर गुन्हा लागेल. खोटं सांगितलं म्हणूनही विचारतील."

"आणि त्याने नाही बदलला तर?"

"तर तुम्ही साक्षीला उभ्या राहणार, तो तुमच्यासमोर शपथेवर गाडी होती म्हणणार. ते मी लढू शकते. तुम्हाला बघवेल का, ते तुम्ही सांगा."

कुणी एवढं सरळ बोललं की बरं वाटतं. वाईट बातमी असली तरी.

१५ जून

हितेंद्रला सांगितलं. जेवण झाल्यावर, बाबांसमोरच.

"म्हणजे मला आरोपी करणार तू."

"मॅडम म्हणाल्या, भरपाई विमा कंपनी—"

"गोदामात काय सांगू? ड्रायव्हर पोरांना काय तोंड दाखवू मी? अठ्ठावीस माणसं आहेत माझ्या हाताखाली!"

मी वाट्या एकात एक ठेवल्या.

बाबा ताट सारून म्हणाले, "झील माझो आसा. पण हात तिचो गेलो."

हितेंद्र उठून गेला. नळ बराच वेळ चालू होता.

२ जुलै

दोन आठवडे नुसतं घर चालू आहे. तो शिळं जेवला तरी काही म्हणत नाही. बारीक झालाय. रोज सकाळी माझ्या मागे उभा राहून केस विंचरतो. आरशात त्याचा चेहरा दिसतो — मी बघतेय हे त्याला माहीत नसतं. काल एक गोष्ट ध्यानात आली. तो स्कूटर चालवत नाही. बसने जातो. फेब्रुवारीपासूनच. मला वाटत होतं, स्कूटर दुरुस्तीला आहे.

८ जुलै, मंगळवार

नायगावला जाऊन आले. संघमित्रा मॅडमना म्हटलं, नाही करायची केस.

"दबाव आहे?"

"नाही. तो बोलतच नाही."

"मग?"

काय सांगणार. म्हटलं, मी त्याला कोर्टात खोटं बोलताना बघू शकणार नाही. त्यापेक्षा हात असा राहू दे. ऑफिसचं काम शिकेन. माणसं शिकतात.

मॅडम चिडल्या. खरंच चिडल्या! "दर वेळी हेच. बाई येते, सगळं कळतं तिला, आणि शेवटी घर सांभाळते." मग चष्मा पुसला. "सॉरी. निर्णय तुमचा. ऑगस्टच्या मध्यावर मुदत संपते. तोपर्यंत फाइल माझ्याकडे राहील. फेकत नाही मी."

बाहेर बाकावर एक म्हातारी बसली होती, पायाला पट्टी. तिने मला विचारलं, बाई चांगल्या आहेत का वकील?

म्हटलं, खूप.

९ जुलै

हितेंद्रला सांगितलं, केस नाही करत. तो "बरं" म्हणाला. मला वाटलं होतं, सुटल्यासारखा दिसेल. नाही दिसला.

२१ जुलै

ऑफिसात प्रवेशाचे अर्ज लावते. खिडकीतून सातवीचा वर्ग दिसतो. नवीन बाई चांगल्या आहेत. हात जरा घाईत चालतात.

३० जुलै, बुधवार

सकाळी शाळेत असताना संघमित्रा मॅडमचा फोन. हितेंद्र काल त्यांच्याकडे गेला होता, एकटाच. पोलीस ठाण्यातून सरळ. जबाब बदलून आला. फोन, हेल्मेट, सगळं सांगितलंय. गुन्हा दाखल झाला. मॅडमना म्हणाला, माझं नाव लावा समोर, आणि तिला तुम्हीच सांगा, मला जमणार नाही.

काल संध्याकाळी तो नेहमीसारखाच घरी आला होता. भाजी आणली होती. बाबांचं औषधही.

मॅडम विचारत होत्या, "आता? त्याच्याविरुद्ध लढायची ना?"

मी हो म्हटलं.